मेरिदाचा दोन दिवसांचा बेत: स्पेनमधलं रोमन शहर उन्हाच्या वेळा सांभाळून कसं पाहावं

स्पेनला जाणारी आपली बहुतेक मंडळी बार्सिलोना, माद्रिद, सेव्हिल आणि ग्रानादा करून परततात. सहल कंपन्यांच्या कार्यक्रमात मेरिदा क्वचितच असतं, आणि असलंच तर सेव्हिलच्या वाटेवरचा दोन-तीन तासांचा थांबा म्हणून. रोमन नाट्यगृहासमोर फोटो काढायचे आणि पुन्हा बसमध्ये बसायचं. इतिहासाची मनापासून आवड असलेल्यांनी मेरिदा असं उरकू नये, एवढ्यासाठी हा लेख लिहितोय.

इ.स.पू. २५ मध्ये सम्राट ऑगस्टसच्या आज्ञेने हे शहर वसलं. उत्तर स्पेनमधल्या लढायांतून निवृत्त झालेल्या, पाचव्या आणि दहाव्या लीजनच्या (रोमन सैन्यातल्या मोठ्या तुकडीच्या) सैनिकांना इथे जमिनी दिल्या गेल्या. एमेरिता ऑगुस्ता हे त्याचं तेव्हाचं नाव. पुढे ते लुसितानिया प्रांताची राजधानी झालं. आजच्या पोर्तुगालचा मोठा भाग आणि स्पेनची पश्चिम बाजू एवढा तो प्रांत होता. एखादं भव्य रोमन अवशेष असलेली गावं युरोपात पुष्कळ आहेत. मेरिदात मात्र नाट्यगृह, ॲम्फिथिएटर, रथांच्या शर्यतीचं मैदान, पूल, जलसेतू, धरण, देऊळ, राहती घरं, कबरी असं सगळं एकाच ठिकाणी आहे आणि बहुतेक ठिकाणी पायी जाता येतं. १९९३ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. आज हे एस्त्रेमादुरा या स्वायत्त प्रदेशाच्या राजधानीचं, रोजच्या कामाधंद्याचं गाव आहे. लोक बाजाराची पिशवी घेऊन देवळाच्या खांबांसमोरून घरी जाताना दिसतात.

दोन दिवस आणि एक मुक्काम, एवढा वेळ द्या. दोन मुक्काम जमले तर फारच छान.

१. आधी महिना आणि वार ठरवा

मेरिदाच्या सहलीचा निम्मा बरावाईटपणा इथेच ठरतो. एस्त्रेमादुराचा उन्हाळा विदर्भातल्या माणसालाही जड जाईल असा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि मेरिदातल्या बहुतेक वास्तू उघड्यावर, दगडी आणि बिनसावलीच्या आहेत. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने उत्तम.

जुलै-ऑगस्टमध्ये जाण्याला एकच सबळ कारण आहे: शास्त्रीय नाट्यमहोत्सव. १९३३ मध्ये मार्गारिता शिर्गू या अभिनेत्रीने इथल्या रोमन रंगमंचावर ‘मेदेआ’ सादर केलं, तिथून या महोत्सवाची परंपरा धरली जाते. प्रयोग रात्री साडेदहाच्या पुढे सुरू होतात, कारण त्याआधी दगड निवत नाही. नाटक पाहणाऱ्या मराठी माणसाने हा योग एकदा साधावाच. स्पॅनिश येत नसेल तर त्या नाटकाची कथा आधी वाचून जा. ग्रीक शोकांतिकांच्या कथा तशाही ओळखीच्या असतात. पण एक लक्षात ठेवा: महोत्सवाच्या दिवसांत रंगमंचावर नेपथ्य आणि दिव्यांचे मनोरे उभे असतात. त्यामुळे दिवसा गेलं तर खांबांची ती प्रसिद्ध भिंत मोकळी दिसत नाही. नाटक पाहायचं नसेल तर हे दोन महिने टाळा.

आता वार. राष्ट्रीय रोमन कला संग्रहालय सोमवारी बंद असतं आणि रविवारी दुपारी तीनपर्यंतच उघडं असतं. रविवारी संध्याकाळी पोहोचून सोमवारी फिरायचं, असा बेत ज्यांनी आखला त्यांचं संग्रहालय चुकलंच म्हणून समजा. मंगळवार ते शनिवार यांतले कोणतेही दोन दिवस धरा. शनिवारी दुपारी दोननंतर आणि रविवारी सकाळी संग्रहालयात विनामूल्य प्रवेश असतो, म्हणून शुक्रवार-शनिवार ही जोडी मला सगळ्यांत सोयीची वाटते.

२. कागदपत्रं आणि सामान

शेंगेन व्हिसाचे नियम सगळ्या स्पेनला सारखेच, म्हणून थोडक्यात. सगळ्यांत जास्त रात्री स्पेनमध्ये असतील तर अर्ज स्पेनकडेच करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तरी तो जायला हवा. प्रत्यक्षात दोन महिने हाताशी ठेवा, कारण उन्हाळ्याच्या सुट्टीच्या सुमारास भेटीची वेळ मिळता मिळत नाही.

लागणारी कागदपत्रं:
- पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी
- भरलेला अर्ज आणि ठरावीक मापाचे फोटो
- किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा
- विमानाचं आणि सर्व रात्रींच्या मुक्कामाचं आरक्षण (मेरिदाची रात्रही त्यात दिसली पाहिजे)
- बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, नोकरी असेल तर रजेचं पत्र

सामानात चांगली पकड असलेले बूट हवेतच. नाट्यगृहाच्या पायऱ्या आणि पुलावरची फरसबंदी शतकानुशतकं झिजून गुळगुळीत झाली आहे. रुंद काठाची टोपी, पाण्याची बाटली (नळाचं पाणी पिण्याजोगं आहे), गोल दोन पिनांचा ॲडॅप्टर आणि जमल्यास छोटी दुर्बीण घ्या. दुर्बिणीचं काम पुढे येईल.

३. तिकीट काढताना गावाचं नाव तपासा

मेक्सिकोत युकातान प्रांताची राजधानी मेरिदाच आहे. वेनेझुएलातही एक मेरिदा आहे. हॉटेलच्या संकेतस्थळावर नुसतं ‘मेरिदा’ टाकलं की पुष्कळदा मेक्सिकोतली हॉटेलं आधी दिसतात, तीही छान आणि स्वस्त. पैसे भरण्याआधी पत्त्यात ‘बादाखोस’ (हे मेरिदाच्या प्रांताचं नाव) किंवा ‘एस्त्रेमादुरा’ लिहिलंय का, ते पाहा.

इथे विमानाने थेट येण्यात अर्थ नाही. सेव्हिलहून बस सोयीची. प्लासा दे आर्मास स्थानकावरून ती सुटते आणि अडीच तासांच्या आसपास पोहोचवते. माद्रिदहून रेल्वेही आहे आणि बसही. रेल्वेला साधारण चार तास धरा, पण दिवसभरात गाड्या मोजक्याच असतात. म्हणून आधी गाडीची वेळ पाहा आणि मग हॉटेल ठरवा. तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणेच असू द्या.

रेल्वे स्थानक गावातच आहे. बस स्थानक मात्र ग्वादियाना नदीच्या पलीकडे. तिथून सामान ओढत लुसितानिया पुलावरून गावात येता येतं, पण भर दुपारी उतरलात तर सरळ टॅक्सी करा.

मुक्काम प्लासा दे एस्पान्या या मुख्य चौकाच्या आसपास घ्या. नाट्यगृह, पूल, देऊळ सगळं तिथून पायी होतं.

४. एकत्रित तिकीट घ्या, पण त्यात काय नाही तेही जाणून घ्या

नाट्यगृह आणि ॲम्फिथिएटर, अल्कासाबा किल्ला, सर्कस (म्हणजे रथांच्या शर्यतीचं मैदान), मित्रेओचं घर आणि त्याला लागूनच्या कबरी, सान्ता एउलालियाचं तळघर अशा ठिकाणांसाठी ‘एन्त्रादा कोन्खुन्ता’ हे एकच तिकीट मिळतं. गावातल्या स्मारकांचा कारभार पाहणारी ‘कोन्सोर्सिओ’ ही संस्था ते देते. दर आणि ऋतूप्रमाणे बदलणाऱ्या वेळा तिच्या संकेतस्थळावर जाण्याच्या आठवड्यात पाहून घ्या. पहिल्या वास्तूच्या दारात तिकीट घ्या आणि शेवटच्या वास्तूपर्यंत जपून ठेवा.

लोकांचा गोंधळ होतो तो संग्रहालयाबाबत. त्याचं तिकीट वेगळं असतं. एकत्रित तिकीट दाखवून तिथे प्रवेश मिळत नाही. उलट रोमन पूल, तथाकथित डायानाचं देऊळ, ट्राजानची कमान आणि मिलाग्रोस जलसेतू यांना तिकीटच नाही. एखादं ‘पॅकेज’ या जागांचेही पैसे लावत असेल तर ते वाटाड्याचे पैसे आहेत, प्रवेशाचे नव्हेत.

५. पहिला दिवस, सकाळ: नाट्यगृह आणि ॲम्फिथिएटर

दार उघडायच्या वेळीच हजर राहा. दहानंतर शाळांच्या सहली आणि पर्यटकांच्या बसगाड्या येतात.

नाट्यगृह इ.स.पू. १६-१५ मध्ये ऑगस्टसचा सेनापती आणि जावई अग्रिप्पा याच्या आश्रयाने बांधलं गेलं. सुमारे सहा हजार प्रेक्षक बसत. पुढच्या काळात ते मातीखाली इतकं गाडलं गेलं की बैठकांच्या सर्वांत वरच्या टप्प्याचे सात तुकडे तेवढे बाहेर राहिले. गावकरी त्यांना ‘सात खुर्च्या’ म्हणत. १९१० मध्ये खोसे रामोन मेलिदा यांनी उत्खनन सुरू केलं आणि खालचं सगळं वर आलं. आज दिसणारी दुमजली खांबांची भिंत विसाव्या शतकात मूळ तुकडे जुळवून पुन्हा उभी केलेली आहे. करड्या-निळसर संगमरवराचे खांब आणि वर पांढरी शिरं. खांबांमधले पुतळे प्रतिकृती आहेत, अस्सल पुतळे दुपारी संग्रहालयात भेटतील.

आत शिरल्यावर रंगमंचाकडे धावू नका. आधी बैठकांच्या खालच्या अंधाऱ्या बोगद्यातून चाला, मग सर्वांत वर चढा आणि तिथे दहा मिनिटं बसा. खाली रंगमंचावर उभं राहून कोणीतरी हमखास टाळी वाजवून पाहतं किंवा दोन ओळी म्हणतं. त्या वरपर्यंत स्पष्ट येतात. पायऱ्या उंच आहेत आणि कठडा नाही. सोबत आई-बाबा किंवा सासू-सासरे असतील तर त्यांना खालच्या रांगांवर बसवा, दृश्य तिथूनही छान दिसतं. रंगमंचामागची बाग बहुतेकजण बघतच नाहीत. स्तंभांची ती चौकोनी पडवी प्रेक्षकांना मध्यंतरात फिरण्यासाठी होती, आणि या आवारातली बरी सावली तिथेच आहे.

शेजारचं ॲम्फिथिएटर इ.स.पू. ८ मधलं. इथे ग्लॅडिएटर आणि श्वापदांचे खेळ होत. मधला फुलीसारखा खड्डा बघा. त्यावर लाकडी फळ्या टाकून वर वाळू पसरत, आणि पिंजरे व सामान खाली ठेवत. बांधकाम नाट्यगृहाइतकं देखणं उरलेलं नाही, अर्धा तास पुरे.

६. पहिला दिवस, दुपार: संग्रहालय

ऊन चढलं की समोरच्या संग्रहालयात शिरा. दुपारचे सर्वांत तापलेले तास इथेच घालवायचे.

इमारत राफाएल मोनेओ या वास्तुविशारदाची, १९८६ मध्ये उघडली. भाजक्या विटांच्या उंच कमानी एकामागून एक, वरून झिरपणारा उजेड, आणि त्या उजेडात संगमरवरी पुतळे. रोमन काळाची नक्कल न करता रोमन बांधणीचा भव्यपणा कसा आणावा, हे वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी इथे येऊन पाहावं. मोठाली मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे जुळवून केलेली फरशीवरची चित्रं, जमिनीवर न मांडता भिंतींवर लावली आहेत. वरच्या मजल्यांवरच्या सज्जांतून ती समोरासमोर दिसतात. म्हणून तळमजला पाहून निघू नका, वर जाच. तळघरात इमारतीच्या पायाखाली सापडलेले घरांचे, कबरींचे आणि रस्त्याचे अवशेष जागच्या जागी ठेवले आहेत.

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ती तुम्ही टाउन हॉल संग्रहालयात पाहिली असेल, किंवा धाराशिव जिल्ह्यातल्या तेर या प्राचीन गावाची माती तुडवली असेल, तर इथली काचेची भांडी, दिवे आणि नाणी परकी वाटणार नाहीत. सातवाहनांच्या काळात आपल्या बंदरांतून ज्या साम्राज्याशी व्यापार चालायचा, त्याचं हे दुसरं टोक.

फ्लॅश वापरता येत नाही. पाठीवरची मोठी पिशवी बाहेर ठेवावी लागते.

७. पहिला दिवस, संध्याकाळ: पाण्याची बाजू

थोडी विश्रांती घेऊन सहाच्या सुमारास (उन्हाळ्यात आठला) मिलाग्रोस जलसेतूकडे चालत जा. गावाच्या मध्यापासून वीस मिनिटं लागतात. सुमारे पाच किलोमीटरवरच्या प्रोसेर्पिना जलाशयाचं पाणी शहरात आणणाऱ्या कालव्याचा हा भाग. खांब जागोजागी पंचवीस मीटरपर्यंत उंच आहेत, लांबी आठशे मीटरच्या वर. जवळ जाऊन पाहा: ग्रॅनाइटचे काही थर, मग विटांचे काही थर, पुन्हा ग्रॅनाइट. शोभेसोबत बांधकामाला बळकटीही येते. मावळतीच्या उन्हात विटांचे पट्टे लाल होतात. खांबांच्या माथ्यांवर करकोच्यांची घरटी असतात, दुर्बीण त्यासाठीच. वसंतात पिल्लं दिसतात आणि चोची आपटण्याचा खटखटाट खालपर्यंत ऐकू येतो.

तिथून परतताना ग्वादियानावरचा रोमन पूल. सुमारे ७९० मीटर लांब, साठ कमानी. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत यावरून गाड्या जात. १९९१ मध्ये सान्तियागो कालात्रावा या वास्तुविशारदाचा लुसितानिया पूल झाला आणि हा पायी चालणाऱ्यांना मोकळा झाला. नदी इथे उथळ आणि बेटांनी विभागलेली आहे. पूल बांधायला सोपी जागा होती म्हणून शहर इथे वसलं. पार पलीकडे जा आणि मग वळून गावाकडे बघा, किल्ल्याची भिंत पुलाच्या तोंडाशी कशी बेतून बांधली आहे ते कळतं.

८. दुसरा दिवस

सकाळी आधी तो किल्लाच. अल्कासाबा इ.स. ८३५ मध्ये कोर्दोबाचा अमीर दुसरा अब्द अर-रहमान याने बांधला. मेरिदा वारंवार बंड करायचं, त्याला धाक बसवायला. इबेरियातल्या सर्वांत जुन्या मुस्लिम किल्ल्यांपैकी तो आहे. आत फारशा इमारती उरलेल्या नाहीत, पण पाण्याचं टाकं चुकवू नका. दोन समांतर जिने खाली उतरतात, नदीचं पाणी झिरपून तिथे साठतं, आणि दारांच्या चौकटींना व्हिसिगॉथ काळातले (रोमनांनंतरच्या आणि मुस्लिम राजवटीआधीच्या काळातले) कोरीव खांब बसवलेले आहेत. जुन्याचं सामान नव्याला लावायची या गावाची रीत इथे हाताच्या अंतरावर दिसते.

मग मित्रेओचं घर. रोमन श्रीमंताचं हे घर मुख्यतः एका मोझेकसाठी पाहायचं. त्याला वैश्विक मोझेक म्हणतात. आकाश, ढग, मेघगर्जना, वारे, उगवती, मावळती, नाईल आणि युफ्रेटिस नद्या, समुद्र, बंदर यांना माणसांची रूपं दिली आहेत आणि शेजारी लॅटिनमध्ये नावं आहेत. बराच भाग उडालाय, पण उरलेल्यातले निळे-हिरवे काचेचे तुकडे अजून चमकतात. उंचावरच्या मार्गावरून ते बघायचं असतं. घाई करू नका, नावं एकेक करून शोधा.

त्याला लागूनच कबरी आहेत. व्होकोनियस कुटुंबाच्या कबरीवर मुलाने वडील, आई आणि बहिणीसाठी लेख कोरून घेतलाय, आणि वडिलांना सैन्यात मिळालेले सन्मान, म्हणजे गळ्यातली कडी, हातातली वलयं आणि पदकं, लेखाभोवती दाखवली आहेत. ज्यांच्यासाठी शहर वसवलं त्या सैनिकांच्या पिढीच्या इतक्या जवळ मेरिदात दुसरीकडे कुठे जाता येत नाही. सगळा गट मोझेक पाहून परत फिरतो, तुम्ही मात्र इथवर या.

दुपारच्या आत गावातलं देऊळ आणि कमान. देवळाला डायानाचं नाव सतराव्या शतकात चिकटलं. प्रत्यक्षात ते सम्राटपूजेचं होतं. खांबांच्या मध्ये सोळाव्या शतकात एका सरदाराने वाडा बांधला, म्हणूनच खांब टिकले. ट्राजानच्या कमानीचाही ट्राजानशी संबंध नाही आणि ती विजयाची कमानही नाही. मूळचं संगमरवरी आवरण गेलं, उरला तो ग्रॅनाइटचा सांगाडा.

सर्कस थोडी लांब, गावाच्या पूर्वेला. चारशे मीटरहून लांब मैदान, तीस हजार प्रेक्षकांची सोय. आज गवत आणि कडेचा पाया आहे. गाइयस अप्पुलेयस दिओक्लेस हा १,४६२ शर्यती जिंकलेला सारथी लुसितानियाचाच, हे माहीत असेल तर मैदान आपोआप भरतं. लहान मुलं कंटाळली असतील तर ती इथे मोकळी पळू शकतात.

वाटेत सान्ता एउलालियाचं चर्च. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला धर्मासाठी मारल्या गेलेल्या लहान मुलीचं हे स्थान. रस्त्यालगतची छोटी घुमटी मार्स देवाच्या देवळाचे संगमरवरी तुकडे वापरून केली आहे. तिच्यावरचा मार्सचा लॅटिन लेख अजून जसाच्या तसा आहे.

९. खाणं: शाकाहारी मंडळींसाठी खास

जेवण दुपारी दोन ते चार, रात्री नऊनंतर. मधल्या वेळेत स्वयंपाकघरं बंद असतात, म्हणून फळं-सुकामेवा जवळ ठेवा.

एस्त्रेमादुरा हा हॅमचा प्रदेश आहे आणि पुष्कळांच्या लेखी हॅम म्हणजे ‘मांस’ नव्हेच. नुसतं ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) म्हणून भागत नाही. ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो’ (मांस नको, हॅम नको, मासे नकोत) असं पूर्ण म्हणा. सॅलडमध्ये टूना, साल्मोरेहो या थंड सूपवर हॅमचे तुकडे आणि मिगास या पावाच्या चुऱ्याच्या पदार्थात डुकराचं मांस असतं. बेकरीतल्या पेरुनियास बिस्किटांत डुकराची चरबी पडते. घेण्याआधी ‘मान्तेका?’ एवढं विचारा.

चांगली बातमी चीजची. युरोपातली पुष्कळ चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. पण इथली तोर्ता देल कासार आणि तोर्ता दे ला सेरेना ही मेंढीच्या दुधाची चीज एका काटेरी झाडाच्या फुलांनी विरजली जातात. वरचं साल टोपणासारखं कापायचं आणि आतला मऊ भाग पावाला लावून खायचा. चव किंचित कडसर असते. सोबत भाजलेल्या ढोबळी मिरच्यांचं सोरोन्गोयो (टूना नको म्हणून सांगा), गास्पाचो हे टोमॅटोचं थंड सूप, आणि अंडं चालत असेल तर बटाट्याचं ऑम्लेट. घरी न्यायला पिमेन्तोन दे ला वेरा, म्हणजे लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या मिरचीची पूड. लहान पत्र्याच्या डब्यात मिळते. ‘पिकान्ते’ घेतली तर थोडी तिखट, ‘दुल्से’ अजिबात नाही.

१०. निघण्याच्या दिवशी

खोली सोडल्यावर सामान हॉटेलमध्येच ठेवायची परवानगी घ्या. ते घेऊन वास्तूंमध्ये फिरता येत नाही. परतीची बस असेल तर निघण्याच्या वेळेआधी पाऊण तास गाव सोडा, कारण स्थानक पलीकडच्या तीरावर आहे. अर्धा दिवस हाताशी उरला आणि तुम्ही गाडी भाड्याने घेतली असेल तर प्रोसेर्पिना धरणावर जा. रोमन भिंत अजून पाणी अडवून आहे, आणि उन्हाळ्यात मेरिदाची पोरंटोरं तिथेच पोहायला येतात.